वाघ्याला बिबट्याने नेलं, पोराला "पळून गेला" सांगितलंय. पिक्चरचा शेवट दाखवू का?

बांधावरची आई

नमस्कार. आम्ही जुन्नर तालुक्यातले, ओतूरच्या अलीकडे मळ्यात राहतो. चार घरांची वस्ती, तिन्ही बाजूंनी ऊस. इथलं रोज वाचते, लिहितेय पहिल्यांदा. लांबलं तर सांभाळून घ्या.

माझा मुलगा नऊ वर्षांचा, चौथीत आहे. वाघ्या त्याचा कुत्रा. घरातल्या सगळ्यांचा नाही, त्याचाच. तीन वर्षांपूर्वी ओढ्याच्या पुलाखाली भिजत पडलेलं पिल्लू त्याने दप्तरात घालून घरी आणलं, वह्यांचा सगळा लगदा झाला होता. तांबडा रंग, एक कान उभा, एक पडलेला. सकाळी पोराला फाट्यापर्यंत सोडायचा आणि संध्याकाळी पाचला पुन्हा फाट्यावर जाऊन बसायचा. रविवारीसुद्धा जायचा. गाडी आली नाही की मान खाली घालून परत यायचा आणि पोराला अंगणात बघून मग कुठे त्याचा जीव भांड्यात पडायचा.

भाऊबीज होऊन चार दिवस झाले होते. आमच्याकडे शेतीची लाईट रात्रीची असते, हे उसाला पाणी भरायला निघाले. वाघ्या त्यांच्या मागे जायला बघत होता. तोड सुरू झाल्यापासून रोज कोणाला ना कोणाला बिबट्या दिसतोय, म्हणून मीच पोराला म्हटलं, त्याला गोठ्याच्या खांबाला बांध. त्याने बांधलं. वाघ्या कुरकुरायला लागला तर आपल्या ताटातली अर्धी भाकरी त्याच्यापुढे ठेवून आला आणि झोपला.

दीडच्या सुमाराला म्हशी उधळल्या. बॅटरी घेऊन बाहेर आले तर साखळी तुटलेली. सकाळी ह्यांना उसात तिसऱ्या सरीला पट्टा सापडला. पुढचं लिहवत नाही.

पोरगं उठायच्या आत ह्यांनी सगळं आवरलं. तो उठून गोठ्याकडे गेला आणि मी म्हणून बसले, "साखळी तोडून पळून गेला रे, येईल." का म्हणाले ते सांगते. बांधलं त्याने होतं. मी सांगितलं म्हणून बांधलं, पण हे त्याच्या डोक्यात कसं उतरणार? मोकळा असता तर वाघ्या पळाला असता, हे मलाच रात्री झोपू देत नाही, तर त्याचं काय होईल?

आता तीन आठवडे झाले. तो शाळेतून आला की फाट्यावरून हलत नाही. डब्यातली शेवटची चपाती राखून ठेवतो. साडेसहाला अंधार पडतो, त्याला तिथून आणायला मला जावं लागतं, आणि तिथेही दोन्ही बाजूंना ऊसच.

पिक्चरचं आता. मला वाटलं, सिनेमातून हळूहळू त्याचं मन तयार करावं. भाच्याने '७७७ चार्ली' सुचवला, टीव्हीला जोडूनही दिला. हिंदीतला लावला. एकटा राहणारा चिडका धर्मा, त्याच्या दारात येऊन पडलेली ती कुत्री, कॉलनीतली लहान मुलगी. वस्तीतली सगळी पोरं जमली होती. माझा मुलगा तीन आठवड्यांत पहिल्यांदा हसला. मग चार्लीला कॅन्सर आहे हे कळतं, तिला बर्फ दाखवायला धर्मा मोटरसायकलवरून थेट हिमालयाकडे निघतो. बर्फ दिसायला लागला आणि माझे हात थरथरायला लागले. मी बटण दाबलं. म्हटलं, नेट गेलं. पोरं उठून गेली. हा उठला नाही. म्हणाला, "आई, ती मरते ना?" मी म्हटलं, मला माहीत नाही. दुसरं खोटं.

आता चंपाषष्ठी आलीय. आमचं कुलदैवत जेजुरीचा खंडोबा. भरीत-रोडग्याचा नैवेद्य झाला की सासूबाई पहिला घास कुत्र्याला घालतात, मग आमची पानं. काल त्याने आजीला विचारलं, "वाघ्या तोवर आला नाही तर घास कोणाला?" सासूबाई उठून आत गेल्या.

तर विचारायचं असं की, राहिलेला शेवट दाखवू का? की कुत्रा जिवंत राहतो असा एखादा पिक्चर आहे, जो आधी दाखवता येईल? आणि ज्यांच्या घरी असं झालंय त्यांनी मुलांना कसं सांगितलं?

---

डोंबिवलीची मावशी

ताई, वाचून पोटात कालवलं. पण माझं मत स्पष्ट सांगते, शेवट दाखवू नका. नऊ वर्षांचं लेकरू आहे. मोठी माणसं त्या पिक्चरला थिएटरात हुंदके देऊन रडत होती. त्याच्या जखमेवर आत्ता ते कशाला?

'चिल्लर पार्टी' लावा. २०११ चा आहे, विकास बहल आणि नितेश तिवारींचा, सर्वोत्तम बालचित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार आहे त्याला. सोसायटीत गाड्या धुणारा फटका नावाचा अनाथ पोरगा, त्याचा भिडू नावाचा कुत्रा. एक मंत्री भटकी कुत्री उचलायचा हुकूम काढतो, आणि सोसायटीतली सगळी कार्टी भिडूला वाचवायला मंत्र्याच्या विरोधात उभी राहतात. भिडू वाचतो. माझ्या नातवंडांनी पाच-सहा वेळा तरी बघितला असेल. वस्तीतल्या पोरांना सगळ्यांना बोलवा, हसू दे त्यांना. बाकीचं काळच बघेल.

---

निवृत्त मास्तर

मी सदतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं, त्यातली बरीचशी चौथीच्या वर्गावर. त्या वयाची मुलं मला थोडीफार कळतात.

ताई, "कुत्रा जिवंत राहतो असा पिक्चर" शोधताना कोणीतरी तुम्हाला 'लॅसी कम होम' सुचवेल. १९४३ चा, फार सुंदर चित्रपट आहे, माझ्या अगदी आवडीचा. तरीही तो आत्ता लावू नका. त्यात यॉर्कशरमधल्या एका गरीब घराला पैशापायी आपली कुत्री एका उमरावाला विकावी लागते. तो तिला थेट स्कॉटलंडला नेतो. ती तिथून निसटते, शेकडो मैल चालते, पाय रक्ताळतात, आणि शेवटी शाळा सुटायच्या वेळेला पूर्वीसारखी त्या घरातल्या मुलाच्या, जोच्या शाळेपाशी येऊन थांबते. एरवी हे दृश्य मी कोणत्याही मुलाला आनंदाने दाखवेन. पण तुमचा मुलगा रोज फाट्यावर उभा आहे. त्याला हे दाखवलंत तर तो म्हणेल, तीन आठवडेच तर झालेत. मग तो चैत्रापर्यंत तिथेच उभा राहील. आनंदी शेवटसुद्धा मुलाला लागू शकतो, एवढंच मावशींना सांगायचं होतं.

दुसरा एक आहे, 'बेल ए सेबास्तियाँ', २०१३ चा, निकोला वानिए यांचा. फ्रेंच आहे, पण चौथीतल्या मुलाला शेजारी बसून सांगत गेलं की पुरतं. १९४३ साल, आल्प्समधलं गाव, जर्मन सैनिक आलेले. गावात मेंढ्या मारल्या जातायत, आणि सगळे म्हणतात डोंगरात एक राक्षसी जनावर आहे. ते जनावर म्हणजे एक भलीमोठी पांढरी कुत्री, धन्याने छळलेली. सेबास्तियाँ नावाच्या लहानग्याची तिच्याशी मैत्री होते आणि तो तिला गावापासून लपवतो. बिबट्याच्या भीतीत राहणाऱ्या गावाला ती बंदुका घेऊन फिरणारी माणसं ओळखीची वाटतील. कुत्री जखमी होते, पण जगते.

मात्र मी तो सुचवतोय ते वेगळ्याच कारणासाठी. या मुलाला सांभाळणारा म्हातारा सेझार त्याला सांगत आलाय की तुझी आई डोंगरापलीकडे अमेरिकेत आहे. पोरगं नाताळला तिची वाट बघतं. आई त्याच्या जन्माच्या वेळीच गेलेली असते. म्हाताऱ्याने ते मायेपोटीच सांगितलेलं असतं, आणि तेच एक दिवस त्याला मोडून सांगावं लागतं. हा भाग आधी तुम्ही एकट्याने बघा.

मुलाला सांगायचं काम मात्र पिक्चरवर टाकू नका. तुमच्या पत्रात मला हेच खटकलं, राग मानू नका. त्याने सरळ विचारलं, ती मरते ना? तो चार्लीबद्दल विचारत नव्हता.

माझ्या वर्गात एकदा एका मुलीची शेळी साप चावून मेली होती. घरच्यांनी तिला सांगितलं, बाजारात दिली. ती मुलगी पुढे कित्येक दिवस बापाशी बोलली नाही, त्याने आपली शेळी विकली म्हणून. शेळी मेली हे कळल्यावर ती रडली आणि बापाच्या मांडीवर जाऊन बसली.

---

बांधावरची आई

सर, राग कसला. तुमचं वाचून स्वयंपाकघरात जाऊन बसले होते. चार्लीबद्दल विचारत नव्हता हे मला त्याच क्षणी कळलं होतं. पण ते बांधायचं कसं सांगू? तिथेच माझं सगळं अडतंय.

---

गोठ्यातली डॉक्टर

मी जनावरांची डॉक्टर, शेजारच्याच तालुक्यात आहे. ताई, बांधण्याबद्दल मी बोलते, कारण ते ओझं तुम्ही आणि उद्या तुमचा मुलगा उगाच वाहाल.

अकोले तालुक्याच्या बाजूला, म्हणजे आपल्याच डोंगरापलीकडे, बिबट्याच्या विष्ठेचा अभ्यास झाला होता. तिथल्या बिबट्यांच्या खाण्यात वजनाच्या हिशेबाने कुत्र्यांचा वाटा ३९ टक्के निघाला. शेळ्या-मेंढ्यांपेक्षाही कितीतरी जास्त. त्या भागातली बहुतेक कुत्री मोकळीच फिरतात. माझ्याकडे मानेला दात लागलेली जी कुत्री येतात त्यातलीही बरीचशी मोकळी असतात. उसाच्या कडेला बिबट्या दबा धरून बसला असेल तर मोकळ्या कुत्र्याला पळायला फार वेळ मिळत नाही. आणि वाघ्या त्या रात्री तुमच्या मिस्टरांच्या मागे उसात गेला असता तर? तुम्ही त्याला घराजवळ ठेवायला सांगितलं. बरोबरच सांगितलं. कमी पडलं ते भिंत आणि छप्पर. मुलाने काही चुकीचं केलं नाही, आणि हे त्याला या शब्दांत सांगायला हवं: "तू त्याला सांभाळण्यासाठी बांधलंस." मी फोनवर बोलायलाही तयार आहे, डॉक्टरांनी सांगितलं की मुलं ऐकतात.

'७७७ चार्ली'चं म्हणाल तर आमच्या धंद्यातली माणसं तो पिक्चर डोक्यावर घेतात. त्यात चार्ली आजारी पडते ती नशिबाने नाही. जवळच्या नात्यातली कुत्री एकमेकांवर लावून पैशासाठी पिल्लं काढणाऱ्याच्या पिंजऱ्यातून ती पळून आलेली असते. हे इतकं स्पष्ट सांगणारा लोकप्रिय पिक्चर आपल्याकडे दुसरा मी बघितलेला नाही. शेवटी ती जाते, हे खरं. पण तिचं एक पिल्लू मागे राहतं. तुम्ही ज्या ठिकाणी थांबवलात तिथे मुलाकडे फक्त भीती राहिली, पिल्लू त्याने बघितलंच नाही.

आणखी एक, हे त्याला नक्की सांगा. पडद्यावर काम केलेली कुत्री त्या पिक्चरमध्ये मेलेली नाही. २०२४ च्या मे महिन्यात तिला सहा पिल्लं झाली, धर्माचं काम करणारा रक्षित शेट्टी म्हैसूरला जाऊन बघून आला, पिल्लांसकट सगळ्यांना दाखवलीही.

नवीन पिल्लू आणायची घाई करू नका. आणाल तेव्हा विकत नको. ऊसतोड मजुरांच्या कोप्यांवर, म्हणजे झोपड्यांवर, दरवर्षी ढीगभर पिल्लं होतात आणि तोड संपली की मागे राहतात. दोन महिन्यांच्या आत आईपासून तोडू नका. जंताचं औषध, सहा ते आठ आठवड्यांपासून पार्व्हो-डिस्टेंपरची लस, पुढचे डोस तीन-चार आठवड्यांच्या अंतराने, आणि तीन महिन्यांचं झालं की रेबीजची. रात्री बंद जागेत, वरूनही बंद. बिबट्या भिंत चढतो, पत्र्याच्या फटीतून हात घालतो.

---

राजुरीचा पाहुणा

सगळे परदेशातलं सांगताय, आणि ताई राहतात जुन्नरात! 'टिंग्या' कोणालाच आठवला नाही? २००८ चा, मंगेश हाडवळेंचा, तुमच्याच मातीतला. कुत्रा नाही, चितंग्या नावाचा बैल आहे, पण पोरगं तेच आहे आणि बिबट्याही तोच. बैल खड्ड्यात पडतो, निकामी होतो. कर्जात बुडालेल्या बापाला तो खाटकाला विकायचाय. शेजारची म्हातारी आजारी असते, तिला वाचवायला सगळे धावतात, तेव्हा टिंग्या विचारतो, मग माझ्या बैलाला का नाही? शरद गोयेकरला त्या कामासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मी तो माझ्या बापाशेजारी बसून बघितला. आमचा बैल त्याने मी सहावीत असताना विकला होता, त्यावर आम्ही कधी बोललो नव्हतो. पिक्चर संपल्यावर तो एवढंच म्हणाला, "त्या बाजारात मला तीन वेळा माघारी फिरावंसं वाटलं होतं." मला ते कळायला वीस वर्षं लागली. तुम्ही मुलाला एवढं थांबवू नका.

---

बांधावरची आई

चंपाषष्ठी झाली. आज लिहिते.

मास्तरांचं वाचल्यावर दोन दिवस धीर झाला नाही. तिसऱ्या दिवशी पाचच्या आधीच मी फाट्यावर जाऊन बसले, वाघ्या बसायचा त्याच दगडाशेजारी. गाडीतून उतरून त्याने मला बघितलं आणि आजूबाजूला बघितलं. म्हटलं, बस इथे. सांगितलं. रात्री काय झालं, म्हशी कशा उधळल्या, पप्पांना पट्टा कुठे मिळाला, सगळं. मी खोटं का बोलले तेही. डॉक्टरताई, तुमचे शब्द जसेच्या तसे म्हटले, "तू त्याला सांभाळण्यासाठी बांधलंस, आणि बांधायला मी सांगितलं होतं."

तो बराच वेळ काही बोलला नाही. मग विचारलं, "भाकरी खाल्ली होती का त्यानं?" मी आठवून बघितलं. साखळी तुटलेली दिसली तेव्हा बॅटरीच्या उजेडात ताटली बघितली होती मी. रिकामी होती. म्हटलं, हो, सगळी खाल्ली होती. तेव्हा तो रडला. मला वाटलं होतं माझ्यावर ओरडेल. तो माझ्या पदरात तोंड खुपसून रडला, आणि रस्त्याने जाणारे दोन ट्रॅक्टर थांबून विचारून गेले, काय झालं म्हणून.

घरी आल्यावर पट्टा मागितला. ह्यांनी माळ्यावर लपवून ठेवला होता, काढून दिला. तो घेऊनच झोपला. दुसऱ्या दिवशी ज्या सरीत सापडला ती दाखवा म्हणाला. हे घेऊन गेले, भर दुपारी, चारजण सोबतीला. त्याने तिथे चपाती ठेवली.

चार्लीचा राहिलेला भाग रविवारी बघितला. वस्तीतली पोरं नको म्हणाला, फक्त मी आणि आजी. सासूबाईंचं निम्मं लक्ष हिंदीपेक्षा त्याच्याकडेच होतं. बर्फातला तो सगळा भाग त्याने आवाज कमी करून बघितला, पण डोळे मिटले नाहीत. पिल्लू आलं तेव्हा आवाज पुन्हा वाढवला. नंतर मी म्हैसूरचं सांगितलं, सहा पिल्लं झाल्याचं. त्याने लगेच विचारलं, "सहाच्या सहा जगली का?" मला माहीत नव्हतं, आणि या वेळी मी तसंच सांगितलं.

चंपाषष्ठीचा घास शेजारच्या भाऊंच्या काळीला घातला. तोच घेऊन गेला ताटली, आजी मागे. काळी त्याला रोज भुंकते, त्या दिवशी भुंकली नाही. फाट्यावर आता तो थांबत नाही, पण गाडीतून उतरला की दगडाकडे एकदा बघतो. मीही बघते.

टिंग्या आणि ते फ्रेंच दोन्ही बघणार आहोत, सुट्टीत. मास्तर, सेझारचा भाग मी एकटीने बघितला. त्याच्याबद्दल लिहीन कधीतरी.

पिल्लाचं त्याने स्वतःच काढलं. म्हणाला, आधी गोठ्याला वरून जाळी, मग पिल्लू. पप्पांकडून तसं कबूल करून घेतलंय आणि भिंतीवर खडूने मापं लिहून ठेवलीत, बारा फूट बाय नऊ. डॉक्टरताई, जाळी दहा गेजची पुरेल की त्याहून जाड घ्यावी? आणि पत्रा आणि भिंतीच्या मधली फट किती ठेवलेली चालते? गुरुवारी आळेफाट्याला जाणार आहोत, तोवर सांगितलंत तर बरं होईल.